दोन फुटी पहिली टाकी: कोणते मासे, किती आणि मुख्य म्हणजे कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी घेतली आहे, फिल्टर तीन दिवस चालू आहे आणि पाणी अगदी नितळ दिसतंय. येत्या रविवारी दोन गोल्डफिश, एंजलची जोडी, सहा गप्पी, दहा निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक सकर आणायचा विचार आहे. एवढे बसतील का, नाही तर किती बसतील? शिवाय सात वर्षांची मुलगी रोज ‘मासे कधी?’ म्हणून मागे लागली आहे.

आधी सरळ उत्तर देतो. ही यादी बसणार नाही आणि रविवारी एकही मासा आणू नका. नाराज होऊ नका. टाकी चांगल्या मापाची घेतली आहे, आणि मासे आणायच्या आधी विचारलंत हे तर फारच बरं केलंत. बहुतेक जण दुसरा-तिसरा मासा मेल्यावर विचारतात.

‘किती’ हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न टाकी तयार आहे का, दुसरा कोणते मासे, आणि या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली की ‘किती’चं उत्तर जवळपास आपोआप मिळतं. मी त्याच क्रमाने लिहितो. काही गोष्टी तुमच्या पाण्यावर, फिल्टरवर आणि आठवड्याला किती वेळ देऊ शकता यावर अवलंबून आहेत, त्या तिथल्या तिथे सांगेन.

टाकी तयार आहे म्हणजे नेमकं काय? पाणी नितळ असण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. त्याला रंग नसतो आणि माशांना त्रास होईल एवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. नदी-तळ्यात तो विरून जातो, जिवाणू आणि वनस्पती संपवतात. पन्नास लिटरच्या पेटीत तो तिथेच साठतो आणि त्याच कल्ल्यांना भाजून काढतो.

यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांत काम करणारे जिवाणू. एका गटातले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची क्षमता जाते. पाण्यात हवा भरपूर असते, एअर पंप जोरात चालू असतो, तरी मासे वर येऊन धापा टाकत असतात, ते यामुळे. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, झाडांच्या पानांवर चिकटून वाढतात आणि फार सावकाश वाढतात. जुन्या टाकीचं बादलीभर पाणी आणून नव्या टाकीत ओतायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने जवळजवळ काहीच होत नाही. त्याच टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मिळाला तर मात्र खरंच फरक पडतो.

ही वसाहत तयार होण्याच्या काळाला आम्ही ‘सायकलिंग’ म्हणतो. मी ते नेहमी मासे न घालता करतो आणि तुम्हीही तसंच करा, कारण तुमच्याकडे अजून एकही मासा नाही, म्हणजे सगळ्यात सोपी स्थिती आहे. टाकीत अमोनिया बाहेरून घालायचा. मत्स्यालयासाठी मिळणारं अमोनियम क्लोराइड सगळ्यात सोयीचं. साफसफाईचा द्रव अमोनिया वापरणार असाल तर त्यात सुगंध किंवा साबण नको. बाटली हलवून बघा, फेस आला आणि टिकला तर ती टाकीसाठी निरुपयोगी. आणि हे सगळं मुलीच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. टेस्ट किटमध्ये २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दिसेल इतका अमोनिया घाला, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, हीटर असेल तर २६-२८ अंशांवर ठेवा आणि वाट बघा.

सुरुवातीचा आठवडा-दीड आठवडा काहीच घडत नाही. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट वर चढतं. अमोनिया शून्य झाला की परत २ पीपीएमपर्यंत भरा, नाहीतर पहिल्या गटाची उपासमार होईल. नायट्राइटचा टप्पा सगळ्यात चिवट. रंग जांभळ्यावरून हलतच नाही, रोज तोच. इथेच लोकांचा धीर सुटतो. नायट्राइट मोजपट्टीच्या पार वर गेलं असेल तर अर्धं पाणी बदला, त्याने बिघडत काही नाही. मग एक दिवस ते जे कोसळतं ते दोन-तीन दिवसांत शून्यावर येतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. मोठा वॉटर चेंज करून साठलेलं नायट्रेट खाली आणा आणि मगच मासे आणा. एकूण चार ते सहा आठवडे धरा. जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम निम्म्यात उरकतं, कधीकधी त्याहून लवकर. बाटलीतल्या तयार जिवाणूंचा अनुभव संमिश्र आहे. काही बाटल्या चालतात, काही दुकानातल्या उन्हात मेलेल्या असतात. वापरायला हरकत नाही, पण ‘आज बाटली, उद्या मासे’ यावर विसंबू नका. टेस्ट काय म्हणते ते खरं.

मधेच सगळं ठप्प झालं तर पीएच बघा. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार, म्हणजे केएच, खातात. केएच मुळात कमी असेल तर पीएच घसरत जातो आणि ६.५ च्या खाली त्यांचा वेग मंदावतो. पाण्याचा थोडा बदल केला की गाडी परत सुरू होते.

टेस्ट किट घेताना थेंबांचं घ्या, पट्ट्यांचं नको. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढं त्यात हवं. एक बारीकशी पण फसवणारी गोष्ट आहे. बऱ्याच किटांमध्ये नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी घट्ट बसतं. ती बाटली टेबलावर आपटून, अर्धा मिनिट जोरात हलवून मगच थेंब टाका. तसं केलं नाही तर नायट्रेट कायम कमी दिसतं आणि ‘माझी टाकी किती स्वच्छ’ असा गैरसमज महिनोन् महिने चालतो. नळी उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून रंग जुळवा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि हिरवट पिवळा यांतला फरक कळत नाही, आणि अमोनियाच्या बाबतीत नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

नळाच्या पाण्याविषयी थोडक्यात. क्लोरीन असेल तर ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. बादलीत रात्रभर ठेवून क्लोरीन उडून जातं, हे खरं आहे, पण आता बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. म्हणून अँटी-क्लोरीन वापरा. कमी पैशांत एवढा मोठा धोका टाळणारी दुसरी वस्तू या छंदात नाही. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. वॉटर चेंजच्या वेळी काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-तीनदा पिळा, तपकिरी राहिला तरी राहू दे. तो चमकेपर्यंत धुतला की तुम्ही सहा आठवड्यांची मेहनत मोरीत सोडलीत. दर महिन्याला आतलं काडतूस (कार्ट्रिज) बदला असं फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते काडतुसं विकणाऱ्याच्या सोयीचं आहे.

आता तुमची यादी.

गोल्डफिश आधी काढून टाका. दुकानात दोन इंचांचा दिसतो तो पिल्लू असतो. साधा गोल्डफिश वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज होतो, मोठ्या तळ्यात त्याहूनही जास्त. गोल अंगाचे फॅन्सी प्रकार पंधरा-वीसपर्यंत जातात. घाण भरपूर करतो, झाडं उपटतो, तोंडात मावेल ते गिळतो आणि त्याला निऑनपेक्षा गार पाणी मानवतं. ‘टाकी लहान असली तर मासाही लहानच राहतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. लहान राहतो हे खरं, पण तो खुरटतो, आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा प्राणी दोन-तीन वर्षांत जातो.

एंजल सुंदर मासा आहे, पण त्याला उंची लागते. अंगच पंधरा सेंटिमीटरपर्यंत, आणि पंख धरून उभी उंची वीसच्या वर. तुमच्या टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा सोडून पाण्याची उंची जेमतेम २७ सेंटिमीटर उरेल. शिवाय मोठा झालेला एंजल निऑन खातो. वाईट स्वभावामुळे नाही, तो शिकारी आहे आणि निऑन त्याच्या तोंडाच्या मापाचा आहे. पहिले सहा महिने सगळे गुण्यागोविंदाने राहतात, मग एकेक निऑन कमी व्हायला लागतो आणि लोक फिल्टरमध्ये शोधत बसतात.

सकरच्या बाबतीत तर मला दुकानदारांचाच राग येतो. ‘काच साफ करतो’ म्हणून बोटाएवढं पिल्लू हातात ठेवतात. तो तीस-चाळीस सेंटिमीटरचा होतो. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळ सोडून बाकी सगळं खातो, आणि विष्ठेच्या लांबच लांब दोऱ्या खडीवर सोडत फिरतो. काच साफ ठेवायची असेल तर दिवा दिवसाला सहा-आठ तासांवर ठेवा, त्याला टायमर लावा आणि काच साफ करायच्या मॅग्नेटने ती पुसा. गोगलगायच हवी असेल तर नेराइट घ्या. त्या शेवाळ उत्तम खातात आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरून जात नाही. पांढरे ठिपक्यांसारखे अंड्यांचे दाणे लाकडावर दिसतात तेवढं चालवून घ्यावं लागतं.

उरले गप्पी आणि निऑन. दोघंही तुमच्या मापाच्या टाकीत राहू शकतात, फक्त त्यांना लागणारं पाणी वेगळं. गप्पी, प्लॅटी, मॉली ही मंडळी जड म्हणजे क्षारयुक्त पाण्यात खुलतात. निऑन मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातले. हल्ली मत्स्यशेतीत वाढवलेले निऑन बरंच काही सोसतात हे मान्य, पण सोसणं वेगळं आणि मानवणं वेगळं. मी पाणी रसायनं घालून माशाला जुळवत नाही, पाण्याला जुळेल तो मासा आणतो. पीएच कमी-जास्त करणाऱ्या बाटल्यांमुळे पाणी वर-खाली होत राहतं, आणि त्या चढउताराचाच माशांना जास्त त्रास होतो.

‘कोणते’ याचा माझा नियम एवढाच की प्रकार कमी आणि एकेका प्रकारचे मासे जास्त. नवीन माणूस दुकानात प्रत्येक आवडलेला मासा दोन-दोन घेतो. पाच प्रकारांचे दोन-दोन घेतले की टाकीत दहा बिथरलेले मासे होतात. निऑन, रासबोरा (निऑनसारखाच छोटा मासा), कोरी (तळाशी राहणारा छोटा मासा) हे कळपातले प्राणी आहेत. दोन-तीन असले की कोपऱ्यात, झाडामागे, फिकट रंगात बसून राहतात. आठ-दहा असले की मोकळे फिरतात, वळताना सगळ्यांची निळी पट्टी एकदम चमकते, आणि त्यासाठीच तर आपण टाकी ठेवतो. शिवाय एकाच प्रकारचे असले की खाणं, तापमान, आजार सगळं सोपं होतं. घाबरट मासा आजारीही लवकर पडतो, हे लक्षात ठेवा.

आता ‘किती’. तुमची टाकी कागदावर ६५ लिटरची आहे. खडी, दगड, लाकूड आणि वर सोडलेली तीन-चार सेंटिमीटर जागा वजा केली की खरं पाणी ४५-५० लिटर. ‘दर गॅलनला एक इंच मासा’ हा जुना हिशेब तुम्ही वाचला असेल. तो विसरा. माशाची लांबी दहापट झाली की वजन साधारण हजारपट होतं. अडीच सेंटिमीटरचे दहा निऑन आणि पंचवीस सेंटिमीटरचा एक मासा त्या हिशेबात सारखेच, पण प्रत्यक्षात तो एकटा त्या दहांच्या शंभरपट वजनाचा असतो आणि घाणही त्याच अंदाजाने करतो. हा हिशेब फक्त पाच सेंटिमीटरच्या आतल्या, सडपातळ माशांना ढोबळमानाने लागू पडतो, आणि तिथेही पूर्ण वाढ झालेली लांबी धरायची, दुकानात दिसते ती नाही.

मी स्वतः उलट बाजूने मोजतो. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलायचं असं धरायचं आणि पुढच्या बदलाच्या आदल्या दिवशी नायट्रेट तपासायचं. २० पीपीएमच्या आसपास असेल तर उत्तम, ४०च्या पुढे जात असेल तर मासे जास्त झालेत किंवा खाणं जास्त होतंय, आणि दहातल्या आठ वेळा खाणंच जास्त होत असतं. हा आकडा तुमच्या टाकीचा, तुमच्या फिल्टरचा आणि तुमच्या हाताचा असतो, म्हणून माझा त्यावर सूत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. आठवड्याला बदल जमणार नसेल, पंधरवड्यालाच जमेल, तर खाली दिलेल्या संख्यांतून तिसरा हिस्सा कमी करा. तसं ठरवण्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या टाकीसाठी मला तीन रचना सुचतात.

पाणी जड असेल तर सात-आठ गप्पी, सगळे नर. बरोबर दोन नेराइट. बस. नरच का? मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं टाकते, एका वेळी वीस-तीस सहज, आणि एकदा नराशी संबंध आला की पुढचे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. म्हणजे दुकानातून आणलेली एकटी मादीसुद्धा ‘एकटी’ नसते. मुलीला पिल्लं बघायची असतील तर मजा आहे, पण ती कोणाला देणार हे आधी ठरवा. नर-माद्या एकत्र ठेवायच्याच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीचा पाठलाग करून तिला दमवून टाकतात.

पाणी मऊ किंवा मध्यम असेल तर दहा एम्बर टेट्रा किंवा आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा पिग्मी कोरी आणि शेवटी एक हनी गोरामी. ही माझी आवडती रचना. मधल्या थरात कळप, तळाशी कोरी, वरच्या बाजूला एकटा शांत गोरामी, त्यामुळे सगळी टाकी वापरात येते. कोरी ठेवणार असाल तर तळाला बारीक वाळू हवी. त्या तोंडाने वाळू चाळत खातात आणि धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. मधूनच सुळकन वर येऊन हवेचा घोट घेऊन जातात, ते त्यांचं नेहमीचंच आहे, घाबरू नका. हनी ऐवजी ‘ड्वार्फ’ गोरामी देऊ करतील कारण तो जास्त रंगीत दिसतो. त्या माशात एक विषाणू बराच पसरलेला आहे, त्यावर औषध नाही, म्हणून नवख्याने तो टाळावा. निऑन मात्र पहिल्या दिवशी नको. ते नव्या टाकीत टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. टाकी तीन-चार महिने मुरली की जरूर आणा, एम्बर टेट्राच्या जागी.

तिसरी रचना म्हणजे एकच नर बेटा (फायटर मासा), भरपूर झाडं आणि दोन गोगलगायी. पन्नास लिटरमध्ये एक मासा ऐकून हसू नका. बेटा माणसं ओळखतो, काचेशी येतो, बोटामागे फिरतो. लहान मुलं कळपापेक्षा यातच जास्त रमतात असं मी पाहिलं आहे. त्याच्याबरोबर गप्पी मात्र नकोत. लांब रंगीत शेपटी बघून तो दुसरा बेटाच समजून हल्ला करतो. प्रवाह मंद ठेवा, कारण त्याचे जड पंख त्याला ओढत नेतात. आणि झाकण हवंच. तो उडी मारतो.

कोणतीही रचना घेतली तरी झाडं लावा. जावा फर्न आणि अनुबियास मरायला कठीण. त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचं. पुरलं की ते सडतं. हॉर्नवर्ट पाण्यात नुसतं सोडून दिलं तरी वाढतं आणि वाढता वाढता अमोनियाही खातं. प्लॅस्टिकचे किल्ले आणि गुलाबी खडी हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग, मासे तक्रार करत नाहीत. फक्त धारदार कडा असतील तर कोरी आणि बेटा दोघांनाही त्रास.

मासे आणायचा क्रम असा. आधी कळप, तो पूर्ण एकदम. मासे न घालता सायकलिंग केलेली टाकी एक छोटा कळप एका दिवसात पेलते. मग दोन-तीन आठवडे काहीही आणायचं नाही. मोठी क्वारंटाइन टाकी तुमच्याकडे नाही, म्हणून पहिल्या कळपापुरती हीच टाकी क्वारंटाइन समजा. पांढरे ठिपके, म्हणजे इक, किंवा दुसरा काही आजार असेल तर तो या काळात वर येतो आणि फक्त तेवढ्या माशांपुरता राहतो. मग कोरी, परत तेवढीच वाट. जागा धरून बसणारा मासा, म्हणजे गोरामी, सगळ्यात शेवटी, म्हणजे तो टाकी आपलीच समजून नंतर येणाऱ्यांना हाकलत नाही. दर खेपेनंतर आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट रोज बघा. दोन्ही मिळून ०.५ पीपीएम दिसले तर त्याच दिवशी पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद ठेवा.

पीएचचा इथे एक संबंध आहे तो जाता जाता सांगतो. अमोनियाचा विषारी भाग पीएच वाढला की झपाट्याने वाढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना तो अर्धा-पाऊण टक्का असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण दहापट. म्हणून तुमचं पाणी जड आणि पीएच जास्त असेल तर टेस्टमधला हलका हिरवाही गंभीरपणे घ्या.

दुकानात गेलात की लगेच बोट दाखवू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. पंख अंगाला चिकटवून बसलेले, पोट आत गेलेले, इतरांपेक्षा भराभर कल्ले हलवणारे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा सोडणारे मासे त्या टाकीत दिसले तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका, अगदी बाजूचा धडधाकट दिसणारा मासासुद्धा. मासे काल-परवाच आले असतील तर आठवड्याने परत या. दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगा. जो मासा धावत येतो तो घ्या.

घरी आल्यावर दिवा बंद करा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि अर्ध्या तासात जाळीने मासे उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिल्या दिवशी खायला देऊ नका.

खाण्यावर थोडं जास्त बोलतो, कारण घरात सात वर्षांची मुलगी आहे. पाण्यात टाकलेलं सगळं मिनिट-दीड मिनिटात संपलं पाहिजे. मासे भुकेले असोत-नसोत, माणूस दिसला की वर येतात, आणि मुलांना ते बघून आणखी टाकावंसं वाटतं. डबा तिच्या हातात देऊ नका. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत सात कप्पे असतात ना, तसली एक डबी आणा, सहा कप्प्यांत तुम्ही मोजून चिमूट-चिमूट भरा आणि सातवा रिकामा ठेवा. रोजचा कप्पा ती उघडेल. रिकामा दिवस माशांच्या उपासाचा, त्याने त्यांचं भलंच होतं. टाकीला दुसऱ्या कुणी ‘बिचारे उपाशी’ म्हणून खायला घालायचं नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू.

आणि ‘मासे कधी?’चं काय करायचं? रविवारी तिला घेऊन झाडं आणि लाकडाचा तुकडा निवडायला जा. टेस्टच्या नळीचा रंग रोज तक्त्याशी जुळवून वहीत लिहायचं काम तिला द्या, थेंब तुम्ही टाका. नायट्राइटचा जांभळा फिका होऊन आकाशी झाला ही बातमी ती तुम्हाला आधी सांगेल.

तेवढ्यात एक काम तुम्ही करा. तुमच्या नळाच्या पाण्याचा जीएच (म्हणजे पाण्याचा जडपणा), केएच आणि पीएच मोजा. पाणी भरून ठेवून दुसऱ्या दिवशी मोजा, ताज्या पाण्याचा पीएच फसवतो. पट्टीवरचा जीएच पीपीएममध्ये असेल तर त्याला १८ ने भागा, म्हणजे डिग्री मिळते. ८ डिग्रीच्या खाली आला तर टेट्रा-कोरीची रचना धरा, १२ च्या वर असेल तर गप्पींची, मधे कुठे असेल तर दोन्ही चालतील. बेटा तिन्हीत चालतो. केएच ३ डिग्रीच्या खाली निघाला तर मात्र सायकलिंग सुरू करायच्या आधी तिन्ही आकडे आणि फिल्टर कोणता आहे ते मला कळवा, कारण मग अमोनियाचं प्रमाण थोडं कमी धरावं लागेल.